एलट्रेस गप्प, बीपीएफट्रेसचा प्रोब लागतो पण फायरच होत नाही – चालू प्रोसेसमधलं एसएसएल_राइट बघायचंय

कोअरडंप_कोथरूड

मंडळी, डोकं आउट झालंय, कुणाला काही सुचतंय का बघा.

सी++ ची एक जुनी सर्व्हिस आहे, ज्याने लिहिली तो केव्हाच कंपनी सोडून गेला, सोर्स आहे पण रीबिल्ड करून प्रॉडक्शनला टाकायचं म्हणजे चेंज रिक्वेस्ट, अप्रूव्हल, आणि कारण काय लिहायचं तर "माहीत नाही, बघायचंय", त्यामुळे तो रस्ता सध्या बंद. ही सर्व्हिस एका पार्टनरला टीएलएसवरून (एन्क्रिप्टेड कनेक्शन) मोठमोठे एक्सएमएल पाठवते. एरवी नीट जातात, पण लोड वाढला की अधूनमधून पार्टनरचं मेल येतं की तुमची रिक्वेस्ट अर्धीच आली, आम्ही टाइमआउट केली. आमच्या लॉगमध्ये फक्त "सेंड फेल्ड", पुढे एरर कोड नाही काही नाही. आणि गंमत म्हणजे सर्व्हिस रीस्टार्ट केली की बराच वेळ एकदम गुण्यागोविंदाने चालते, म्हणजे रीस्टार्ट करून काही लावावं म्हटलं तर आजारच पळून जातो. जे काय बघायचं ते चालू प्रोसेसवरच.

मला एवढंच बघायचंय की प्रोग्राम ओपनएसएसएल या टीएलएस लायब्ररीच्या एसएसएल_राइट (डेटा पाठवणाऱ्या) फंक्शनला काय देतो आणि ते परत काय देतं. आतापर्यंत काय केलं ते सांगतो –

एसट्रेस (प्रोसेसचे कर्नलकडे जाणारे कॉल दाखवतं) लावलं, चालतं, पण सॉकेटवर जातं ते सगळं एन्क्रिप्टेड, त्यातून काही बोध नाही. मधे मधे ईअगेन ("आत्ता जमत नाही, नंतर परत ये") दिसतं पण नॉनब्लॉकिंग सॉकेट आहे म्हटल्यावर ते दिसणारच ना.

मग एलट्रेस (लायब्ररीतल्या फंक्शनचे कॉल दाखवतं). अटॅच होतं, आणि मग काहीच नाही, कोरं. मला वाटलं सर्व्हिसचाच काही प्रॉब्लेम असेल म्हणून पाच ओळींचा सी प्रोग्राम लिहिला, त्यात मॅलॉक आणि पुट्स, तो एलट्रेसखाली चालवला तर तिथेही फक्त "एक्झिटेड, स्टेटस ०". म्हणजे मॅलॉकसुद्धा दिसत नाही!

मग बीपीएफट्रेस (कर्नलमार्फत चालू प्रोसेसवर प्रोब, म्हणजे पाळत, लावणारं टूल). आधी तर बिगिन ब्लॉक (स्क्रिप्टच्या सुरुवातीला चालणारा भाग) लिहिला की "कुड नॉट रिझॉल्व्ह सिम्बॉल... बिगिन_ट्रिगर" म्हणून रडतं. बिगिन काढून टाकला, मग लिबएसएसएल.एसओ.३ मधल्या एसएसएल_राइटवर यूप्रोब (त्या फंक्शनमध्ये शिरताना फायर होणारा प्रोब) लावला, "अटॅचिंग १ प्रोब" असं छान म्हणतं आणि बसून राहतं. त्याच वेळी सर्व्हिस धडाधड रिक्वेस्टा पाठवतेय हे मला समोर दिसतंय.

उबुंटू २२.०४ आहे, ६४ बिट इंटेल. सर्व्हिस डॉकर कंटेनरमध्ये चालते पण मी सगळं होस्टवरून रूट होऊन करतोय, त्यामुळे परमिशनचा विषय नसावा.

सिगकिल_सांगली

एलट्रेसचा नाद सोडा हो. उबुंटू २२.०४ मध्ये येतं ते ०.७.३, म्हणजे २०१३ सालचं, त्यानंतर कंपायलर कुठल्या कुठे गेले. सरळ जीडीबी अटॅच करा, एसएसएल_राइटवर ब्रेकपॉइंट, त्याला कमांड लावा की बॅकट्रेस छापून कंटिन्यू कर, झालं काम.

कोअरडंप_कोथरूड

जीडीबी टेस्ट बॉक्सवर करून बघितलं, प्रत्येक हिटला सगळे थ्रेड थांबतात, स्पीड इतका पडतो की टाइमआउट मीच तयार करीन. प्रॉडक्शनला नाही लावू शकत 😐

प्रोबवाली

तुमचे हे तीन वेगवेगळे प्रॉब्लेम आहेत, एकमेकांशी संबंध नाही, पण तिन्ही एकदम आल्यामुळे असं वाटतं की मशीनच पछाडलंय. एकेक घेऊ. (कमांडा देवनागरीत लिहितेय, टर्मिनलवर अर्थातच रोमनमध्ये टाका.)

एलट्रेस का गप्प ते आधी. एलट्रेस फंक्शनच्या आत काही लावत नाही, ते ब्रेकपॉइंट लावतं पीएलटीमध्ये, म्हणजे तुमच्या बायनरीतून लायब्ररीत उडी मारायच्या आधी जो छोटा टप्पा असतो ना तिथे. आता झालं काय, उबुंटूने १६.१० पासून पीआयई (बायनरी कुठल्याही पत्त्यावर लोड होते) आणि त्याच्याबरोबर बाइंड-नाऊ (लायब्ररीचे पत्ते सुरुवातीलाच जोडले जातात) डिफॉल्ट केलं, आणि पुढे इंटेलच्या सीईटी या सीपीयूतल्या संरक्षणासाठी जीसीसीत सीएफ-प्रोटेक्शन चालू झालं, त्यामुळे कॉल जातात पीएलटी.सेक नावाच्या दुसऱ्याच सेक्शनमधून. जुनं एलट्रेस जुन्या जागी पहारा देत बसतं आणि गाडी बायपासने निघून जाते. खात्री करायची तर तुमचा तो पाच ओळींचा प्रोग्राम झेड-लेझी आणि सीएफ-प्रोटेक्शन=नन हे देऊन कंपाइल करा, मॅलॉक पुट्स सगळं दिसायला लागेल. तयार बायनरीचं बघायचं असेल तर रीडएल्फ -डी करा, फ्लॅग्जमध्ये बाइंड_नाऊ दिसेल. एलट्रेसला -एक्स ऑप्शन आहे त्याने पीएलटीऐवजी थेट लायब्ररीतल्या सिम्बॉलवर ब्रेकपॉइंट लावता येतो, तो बऱ्याचदा चालतो, पण आतून तेही पीट्रेसच (डीबगर वापरतात ती प्रोसेस थांबवणारी सोय), म्हणजे जीडीबीसारखंच थांबत थांबत. प्रॉडक्शनला नकोच.

बिगिन_ट्रिगरचं अगदीच किरकोळ आहे. बिगिन ब्लॉक चालवण्यासाठी बीपीएफट्रेस स्वतःच्याच बायनरीतल्या एका फंक्शनवर प्रोब लावतं, आणि पॅकेज करताना बायनरीतले सिम्बॉल (फंक्शनची नावं) स्ट्रिप झाले, म्हणजे काढून टाकले, की ते फंक्शन सापडत नाही. २२.०४ मध्ये येणाऱ्या ०.१४ ला हे होतं. डीबगसिम्बॉलचं पॅकेज टाका नाहीतर बिगिन वापरू नका, तुम्हाला त्याची गरजही नाही.

आता मुख्य. यूप्रोब नावावर लागत नाही, फाइलवर लागतो. बीपीएफट्रेस तुम्ही दिलेली फाइल उघडतं, एसएसएल_राइट कितव्या बाइटवर आहे ते काढतं आणि कर्नलला सांगतं की या आयनोडच्या (डिस्कवरच्या नेमक्या फाइलची ओळख) या ऑफसेटवर कोणी आलं तर मला कळव. बस्स. त्या आयनोडचं पान जर कुणी मेमरीत घेऊन चालवतच नसेल तर प्रोब जन्मभर लागलेला राहील, ना एरर ना वॉर्निंग. तुम्ही दिलीत होस्टची लिबएसएसएल. कंटेनरमधली प्रोसेस होस्टची लायब्ररी कशाला वापरेल? तिची स्वतःची आहे, इमेजमधून आलेली, वेगळी फाइल, कदाचित वेगळं व्हर्जनसुद्धा.

तर आधी होस्टवरचा पीआयडी काढा (डॉकर टॉप दाखवतं तो होस्टचाच असतो) आणि /प्रॉक/पीआयडी/मॅप्स मध्ये (प्रोसेसने मेमरीत घेतलेल्या फाइलींची यादी) एसएसएल ग्रेप करा. तिथून तीन गोष्टी कळतील. एक, लायब्ररी आहे का, की ओपनएसएसएल बायनरीतच स्टॅटिक लिंक केलंय, तसं असेल तर प्रोब बायनरीवरच लावावा लागेल आणि ती स्ट्रिप्ड असेल तर मग मजा आहे. दोन, नेमका पाथ. तीन, ओळीच्या शेवटी "डिलीटेड" लिहिलंय का, तसं दिसलं तर समजायचं की प्रोसेस सुरू झाल्यावर कुणीतरी पॅकेज अपडेट केलंय, प्रोसेस जुन्याच फाइलवर आहे आणि त्या पाथवर आता दुसरीच फाइल बसलीय. हे कंटेनरशिवायही होतं, साध्या सर्व्हरवर रात्री ऑटो-अपडेट झालं की सकाळी प्रोब मुके.

पाथ मिळाला की त्याच्यापुढे /प्रॉक/पीआयडी/रूट जोडा आणि तोच बीपीएफट्रेसला द्या. प्रोब असा –

यूप्रोब:/प्रॉक/पीआयडी/रूट/.../लिबएसएसएल.एसओ.काहीतरी:एसएसएल_राइट { प्रिंटएफ("%डी %पी %डी\एन", टीआयडी, आर्ग१, आर्ग२); }

टीआयडी म्हणजे थ्रेडचा नंबर, आर्ग० म्हणजे एसएसएलचा पॉइंटर, आर्ग१ बफर, आर्ग२ लांबी. परत आलेली व्हॅल्यू बघायला तशाच पाथवर यूरेटप्रोब (फंक्शन परतताना फायर होणारा) आणि त्यात रेटव्हॅल. मजकूर छापू नका सध्या, पत्ते आणि लांबीच बघा. एकतर जुन्या बीपीएफट्रेसमध्ये स्ट्रिंग ६४ बाइटलाच कापली जाते (बीपीएफचा स्टॅकच सगळा ५१२ बाइटचा, त्यात फार वाढवता येत नाही), आणि दुसरं म्हणजे हा एन्क्रिप्शनच्या आधीचा मजकूर आहे, त्यात ग्राहकांचा डेटा असणार, तो तुमच्या टर्मिनलच्या स्क्रोलबॅकमध्ये आणि मग तिकिटाच्या अटॅचमेंटमध्ये गेला की वेगळंच लचांड.

अजून एक, एकाच इमेजचे दोन कंटेनर त्या होस्टवर असतील तर दोघांचंही दिसेल. ओव्हरलेएफएसमध्ये (कंटेनर इमेजचे थर एकत्र दाखवणारी फाइलसिस्टिम) खालच्या लेयरची फाइल दोघांची एकच असते, आयनोड एकच, आणि प्रोब आयनोडवर. फिल्टर लावा, /पीआयडी == तुमचा/.

नल_पॉइंटर_नाशिक

एवढं सगळं कशाला, एलडी_प्रीलोड करून (प्रोसेस सुरू होताना आपली लायब्ररी आधी लोड करून) एसएसएल_राइटचा रॅपर घुसवा ना, वीस ओळींचं सी आहे. किंवा एसएसएलकीलॉगफाइल एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा (टीएलएसच्या किल्ल्या फाइलमध्ये लिहिल्या जातात) आणि पॅकेट कॅप्चर वायरशार्कमध्ये उघडा, सगळं प्लेन दिसतं. मी कर्लसाठी नेहमी तेच करतो.

प्रोबवाली

प्रीलोडला रीस्टार्ट लागतो आणि रीस्टार्ट केलं की यांचा प्रॉब्लेम गायब होतो असं त्यांनी वरच लिहिलंय. कीलॉगचं म्हणाल तर ते व्हेरिएबल वाचतं कर्ल, वाचतं पायथन ३.८ पासूनचं, ब्राउझर वाचतात. ओपनएसएसएल लायब्ररी पूर्वापार आपणहून वाचत नव्हती, अ‍ॅप्लिकेशनला कीलॉग कॉलबॅक लावावा लागतो. यांच्या जुन्या सी++ मध्ये तो असण्याची शक्यता शून्य. आणि वायरशार्कमध्ये जे दिसेल ते वायरवर गेलेलं. इथे प्रश्न न गेलेल्याचा आहे.

कोअरडंप_कोथरूड

प्रोबवाली ताई, मानलं!! मॅप्समध्ये बघितलं, कंटेनर डेबियन ११ वरचा आहे आणि प्रोसेस वापरतेय लिबएसएसएल.एसओ.१.१, आणि मी होस्टच्या .३ वर प्रोब लावून बसलो होतो. /प्रॉक/पीआयडी/रूट वाला पाथ दिला आणि एंटर मारल्या मारल्या पाऊस.

दुपारच्या पीकपर्यंत चालू ठेवलं, सीपीयूवर काही विशेष फरक नाही. आता बघा, बहुतेक सगळे कॉल असे – लांबी ४८२१०, रिटर्न ४८२१०, छान. पण ज्या वेळी "सेंड फेल्ड" आलं त्या वेळचं हे (४१९० हा थ्रेड) –

४१९० राइट, पत्ता …बी२००, लांबी ४८२१०
४१९० रिटर्न ४२९४९६७२९५
४१९० राइट, पत्ता …४०१०, लांबी ४८२१०
४१९० रिटर्न ४२९४९६७२९५

आणि त्याच्यापुढे त्या थ्रेडचं त्या कनेक्शनवर काहीच नाही. हे ४२९ कोटी काय आहे? ४८ हजार बाइट दिले आणि चार जीबी लिहिले म्हणतोय? प्रोब चुकीच्या ऑफसेटवर तर बसला नाही ना?

सिगकिल_सांगली

-१ आहे हो ते 😄

प्रोबवाली

हो, -१ च. एसएसएल_राइट इंट परत देतं, म्हणजे ३२ बिट, आणि बीपीएफट्रेस पूर्ण ६४ बिटचं रजिस्टर अनसाइन्ड म्हणून छापतं. (इंट३२)रेटव्हॅल असं कास्ट करा म्हणजे सरळ -१ दिसेल. प्रोब योग्य जागी आहे.

पण तुमचं उत्तर त्या चार ओळींतच आहे, दुसरा आकडा बघा, पत्ता. पहिला कॉल …बी२०० वरून गेला, -१ आला. नॉनब्लॉकिंग सॉकेट, बफर भरला, म्हणजे तो -१ बहुधा वाँट_राइट असणार, त्यात काही वाईट नाही, थोड्या वेळाने परत कॉल करायचा असतो. तुमच्या प्रोग्रामनेही परत केला. पण परत करताना बफर दुसराच दिला, …४०१०. ओपनएसएसएलचा नियम असा की वाँट_राइट आल्यावर परत कॉल करायचा तो त्याच आर्ग्युमेंटने करायचा, तोच पत्ता, तीच लांबी. कारण त्याने अर्धा रेकॉर्ड आधीच एन्क्रिप्ट करून ठेवलेला असतो, आणि तुम्ही मधेच वेगळा बफर आणलात की त्याला वाटतं काहीतरी गडबड आहे, "बॅड राइट रिट्राय" म्हणून एरर टाकतं. तुमच्या ईअगेनचा संबंध इथे आहे.

हा सध्या तर्क आहे, पक्कं करायला दोन प्रोब अजून लावा. लिबएसएसएलमधल्या एसएसएल_गेट_एररवर यूरेटप्रोब, ते ३ देतं तेव्हा वाँट_राइट, १ देतं तेव्हा खरी एसएसएल एरर. तुमच्या प्रोग्रामने ते फंक्शन कॉल केलं तरच दिसेल अर्थात. आणि दुसरा लिबक्रिप्टो.एसओ.१.१ मधल्या ईआरआर_पुट_एररवर, त्यात आर्ग० लायब्ररीचा नंबर, आर्ग२ कारणाचा नंबर, आर्ग३ सोर्स फाइलचं नाव. लायब्ररी २० आणि कारण १२७ आलं की बॅड राइट रिट्राय, विषय संपला. (ओपनएसएसएल ३ मध्ये हे फंक्शन नाही, तिथे ईआरआर_सेट_एरर बघावं लागतं, पण तुमच्याकडे १.१ आहे.)

फाइलचं नाव पहिल्यांदा रिकामं आलं तर घाबरू नका. बीपीएफला युजर मेमरी वाचताना पेज फॉल्ट घेता येत नाही, ते पान अजून मेमरीत आलेलं नसेल तर रिकामी स्ट्रिंग मिळते. रीडओन्ली डेटामधल्या स्ट्रिंगांचं हे हमखास होतं, विशेषतः एरर पाथवरच्या, कारण त्या आधी कुणी वाचलेल्याच नसतात.

कोअरडंप_कोथरूड

लावले. आत्ताच एक आलं. गेट_एरर आधी ३, मग दुसऱ्या वेळी १. ईआरआर_पुट_एरर २०, १२७. फाइलचं नाव खरंच पहिल्यांदा रिकामं आणि नंतरच्याला रेक_लेयर_एस३.सी 🙏

आता फक्त एक, हा दुसरा पत्ता येतो कुठून ते बघायला यूस्टॅक (कुणी कुणाला कॉल केला ती साखळी) छापला तर एक फ्रेम एसएसएल_राइटची आणि त्याखाली एकदम कुठलातरी भलताच आकडा. सिम्बॉल आहेत बायनरीत, मी चेक केलं.

प्रोबवाली

सिम्बॉलचा प्रश्न नाही, फ्रेम पॉइंटरचा (स्टॅकवर प्रत्येक फंक्शनची जागा कुठे सुरू होते ते दाखवणारा पत्ता) आहे. बीपीएफमधला स्टॅक वॉक फ्रेम पॉइंटर धरून वर चढतो, आणि ओ२ ने कंपाइल केलेल्या कोडमध्ये तो नसतो, त्याचं रजिस्टर आरबीपी दुसऱ्याच कामाला वापरलेला असतो. म्हणून दुसऱ्याच पायरीला कचरा. फेडोराने ३८ पासून आणि उबुंटूने २४.०४ पासून डिस्ट्रोची पॅकेजेस फ्रेम पॉइंटरसकट बांधायला सुरुवात केली ती याच वैतागापायी, पण डेबियन ११ च्या इमेजला त्याचा काय उपयोग.

अजून एक बारीक खोच आहे, फ्रेम पॉइंटर असता तरी फंक्शनच्या पहिल्याच इन्स्ट्रक्शनवर प्रोब लागतो तेव्हा त्या फंक्शनने स्वतःची फ्रेम अजून मांडलेली नसते, त्यामुळे नेमका ज्याने कॉल केला तोच स्टॅकमधून गळतो आणि त्याच्या वरचा दिसतो. तुम्हाला तर तोच हवाय. त्यावर साधा उपाय, त्या क्षणी स्टॅकच्या टोकावर रिटर्न अ‍ॅड्रेसच असतो, तो वाचून छापा –

यूसिम(*(यूइंट६४*)रेग("एसपी"))

एक पायरी मिळते, पण तेवढी पुरेल. पूर्ण स्टॅक हवाच असेल तर पर्फमध्ये (लिनक्सचा प्रोफायलर) प्रोब टाकून कॉल-ग्राफ ड्वार्फने (डीबग माहितीवरून) रेकॉर्ड करा, फाइल मोठी होते पण स्टॅक नीट येतो.

बफर_बेळगाव

या धाग्यात घुसतोय सॉरी, पण माझंही असंच आहे म्हणून इथेच विचारतो. मी लिबसीच्या मेमकॉपीवर यूप्रोब लावलाय, कंटेनर वगैरे काही नाही, पाथ मॅप्समधून घेतलाय, डिलीटेड नाही. प्रोसेस मेमकॉपी करतेय हे पर्फमध्ये दिसतंय. तरी चालू प्रोसेसवर शून्य हिट, आणि नवीन प्रोसेस सुरू केली तर सुरुवातीला एखादा हिट येतो आणि मग सामसूम.

सिगकिल_सांगली

हे मला येतं. मेमकॉपी, स्ट्रलेन, मेमसेट ही मंडळी लिबसीमध्ये साधी फंक्शनं नाहीत, आयफंक आहेत. म्हणजे मेमकॉपी नावाच्या पत्त्यावर कॉपी करणारा कोड नसतोच, तिथे एक रिझॉल्व्हर असतो जो लोडरने एकदा विचारलं की सीपीयू बघून सांगतो, "याला एव्हीएक्सवालं (सीपीयूच्या जलद इन्स्ट्रक्शन वापरणारं) द्या". पुढचे सगळे कॉल थेट त्या एव्हीएक्सवाल्या आतल्या फंक्शनवर जातात. तुमचा प्रोब रिझॉल्व्हरवर बसलाय, तो लोडिंगच्या वेळी चालतो, संपलं. रीडएल्फने सिम्बॉल टेबल काढा, टाइपच्या कॉलममध्ये फंकऐवजी आयफंक दिसेल.

पर्फमध्ये कुठलं नाव दिसतंय ते बघा, मेमकॉपी_एव्हीएक्स_अनअलाइन्ड_ईआरएमएस छाप काहीतरी असेल, प्रोब त्याच्यावर लावा. ते आतलं सिम्बॉल आहे, डायनॅमिक टेबलमध्ये नसतं, त्यामुळे लिबसीचे डीबग सिम्बॉल टाकावे लागतील. आणि एक विनंती, मेमकॉपीवर सरसकट प्रोब लावून प्रॉडक्शनला सोडू नका, दर हिटला ट्रॅप होऊन कर्नलमध्ये जाऊन यायचं असतं, सेकंदाला लाखो वेळा झालं की प्रोसेस रांगायला लागेल. शिवाय छोटे मेमकॉपी कंपायलर इनलाइन करतो, ते यात दिसणारच नाहीत, म्हणजे मोजायला निघालात तर आकडा तसाही खोटा.

बफर_बेळगाव

आयफंकच दिसतंय. धन्यवाद भाऊ. मोजायलाच निघालो होतो, सोडतो नाद.

गोफर_गोवा

गो भाषा वापरणाऱ्यांसाठी एक जोडतो, वरचं वाचून कुणी उत्साहात यूरेटप्रोब गोच्या बायनरीवर लावू नका, साधा यूप्रोब चालेल, रेट नको. यूरेटप्रोब स्टॅकवरचा रिटर्न अ‍ॅड्रेस बदलून ठेवतो, आणि गोचा रनटाइम गोरुटीनचा (गोचा हलका थ्रेड) स्टॅक वाढवताना तो उचलून दुसरीकडे नेतो आणि प्रत्येक रिटर्न अ‍ॅड्रेस तपासतो, अनोळखी दिसला की "अनएक्स्पेक्टेड रिटर्न पीसी" म्हणून अख्खी प्रोसेस पाडतो. आणि गो १.१७ पासून ६४ बिट इंटेलवर आर्ग्युमेंट रजिस्टरमधून जातात पण सीच्या क्रमाने नाही, त्यामुळे आर्ग०, आर्ग१ वर विसंबू नका, रजिस्टरचं नाव देऊन वाचा. गोचं टीएलएसही स्वतःचंच असतं, लिबएसएसएल शोधत बसाल तर मिळणारच नाही.

प्रोबवाली

बरोबर. आणि पायथनवाल्यांनी एसएसएल_राइटवर प्रोब लावून काही येत नाही म्हणून रडू नये, ३.१० पासून पायथनचं एसएसएल मॉड्यूल एसएसएल_राइट_ईएक्स आणि एसएसएल_रीड_ईएक्स वापरतं. दोन्हींवर लावा. रीडचं बघायचं असेल तर एंट्रीला बफर वाचू नका, तेव्हा त्यात जुना कचरा असतो, पत्ता टीआयडीच्या नावाने मॅपमध्ये ठेवा आणि यूरेटप्रोबमध्ये वाचा. हे सगळं हाताने लिहायचा कंटाळा असेल तर बीसीसीमध्ये (बीपीएफच्या तयार टूल्सचा संच) एसएसएलस्निफ आहे, उबुंटूत बीपीएफसीसी-टूल्स पॅकेजमध्ये मिळतं. फक्त तेही डिफॉल्टने होस्टचीच लायब्ररी धरतं, म्हणजे कंटेनरचं दुखणं तिथेही तेच.

कोअरडंप_कोथरूड

रिटर्न अ‍ॅड्रेसवाली आयडिया चालली, थेट फंक्शनचं नाव मिळालं, मग सोर्स उघडला. रिट्राय क्यू आहे, त्यात मेसेज ठेवलेला असतो, आणि प्रत्येक प्रयत्नाला क्यूमधून नवीन एसटीडी::स्ट्रिंगमध्ये कॉपी करून तिचा डेटा एसएसएल_राइटला देतात, फंक्शन संपलं की स्ट्रिंग गेली. पुढच्या प्रयत्नाला परत नवी कॉपी, लांबी तीच, पत्ता वेगळा. पण मग एक कळत नाही, हे तर दरवेळीच फुटायला हवं ना? रीस्टार्टनंतर इतका वेळ नीट कसं चालतं? रीस्टार्टनंतरच्या ट्रेसमध्येही -१ येऊन दुसऱ्या कॉलला नीट ४८२१० आलेले दिसतायत.

प्रोबवाली

त्या नीट झालेल्यांचे पत्ते बघा, दोन्ही कॉलला एकच असेल.

ताज्या प्रोसेसमध्ये हीप (मॅलॉक ज्यातून मेमरी देतं ती जागा) साफ असतो. स्ट्रिंग फ्री झाली, लगेच तेवढ्याच साइजची परत मागितली, मॅलॉकने तोच तुकडा परत दिला, पत्ता योगायोगाने तोच. ओपनएसएसएल फक्त पॉइंटर बघतं, त्याला काय कळणार की मधे फ्री होऊन गेलंय. लोड वाढला, हीपचे तुकडे झाले, दोन प्रयत्नांच्या मधे दुसऱ्या कुणीतरी तो तुकडा पळवला, की पत्ता बदलला आणि फुटलं. हा प्रोग्राम इतकी वर्षं मॅलॉकच्या कृपेवर चालत होता.

उपाय दोन. नीट उपाय म्हणजे कॉपी न करता क्यूमधल्याच बफरचा पत्ता द्या आणि पूर्ण जाईपर्यंत त्याला हात लावू नका. एका ओळीचा उपाय म्हणजे एसएसएल_सीटीएक्स_सेट_मोडने अ‍ॅक्सेप्ट_मूव्हिंग_राइट_बफर चालू करा, मग पत्ता बदललेला चालतो, मजकूर आणि लांबी मात्र तीच राहिली पाहिजे, ती तुमच्याकडे राहतेय. चेंज रिक्वेस्टला कारण लिहायला आता तुमच्याकडे त्या चार ओळी आहेतच.

कोअरडंप_कोथरूड

पत्ते बघितले, नीट झालेल्या सगळ्या रिट्रायना पत्ता तोच आहे. एक ओळीचा उपाय आत्ता टाकतोय, क्यूची डागडुजी पुढच्या रिलीजला. टेस्ट बॉक्सवर सेंड बफर मुद्दाम लहान करून लोड मारला, पत्ते बदलतायत, गेट_एरर ३ येतोय आणि त्याच्यामागून पूर्ण लांबी जातेय, १ एकदाही नाही. प्रॉडक्शनला गुरुवारी रात्री जाईल.

नल_पॉइंटर_नाशिक

हे मॅकवर कसं करायचं कुणी सांगेल का? तिकडे डीट्रेस आहे म्हणे मुळातच.

सिगकिल_सांगली

आहे, पण एसआयपी (मॅकचं सिस्टिम संरक्षण) चालू असेल तर बरंचसं अडवलं जातं, रूट असलात तरी. रिकव्हरीमध्ये बूट करून सीएसआरयूटिल एनेबल, विदाउट डीट्रेस असं करावं लागतं. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर आधी आयटीला विचारा. बाकी प्रश्न नवीन धागा काढून टाका, इथे आधीच खिचडी झालीय.